महाराष्ट्रीय कुटुंबजीवनातील प्रार्थना आणि कृतज्ञता : काही साधनांचा परामर्श

१

महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचा धार्मिक इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः सभा, समाज, ग्रंथ आणि वादविवाद यांकडे वेधलेले असते. परमहंस सभा, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज, मिशनऱ्यांचे कार्य या क्रमाने आपण जातो, आणि प्रार्थनेचा विचार करतो तो एक सिद्धांत म्हणून : ती सगुणाची की निर्गुणाची, मूर्तीसमोरची की मूर्तीविरहित, संस्कृतातील की मराठीतील. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात संशय नाही. तथापि ज्यांच्या आयुष्यात प्रार्थना रोज घडत होती, त्यांना हे प्रश्न बहुधा पडलेच नव्हते. त्यांच्यापुढील प्रश्न निराळे होते. पहाटे उठून दोन पायल्या धान्य दळावयाचे आहे, मूल तापाने फणफणले आहे, भाऊ दिवाळीला न्यावयास येईल की नाही याची खात्री नाही, सावकाराचा तगादा आहे. अशा संसारात प्रार्थना आणि कृतज्ञता यांनी नेमके कोणते कार्य केले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आपल्याकडे तयार असते. श्रद्धेमुळे मनाला आधार मिळाला, आणि त्या आधारावर कुटुंबे तरली, असे म्हणून आपण मोकळे होतो. दुसरेही तितकेच तयार उत्तर आहे : श्रद्धेने दुबळ्यांना, विशेषतः स्त्रियांना, अन्याय सोसावयास शिकविले. या दोहोंपैकी कोणतेही उत्तर साधने पाहिल्याविना स्वीकारता येणार नाही. येथे त्यासाठी तीन प्रकारची साधने विचारात घेतली आहेत. पहिले, जात्यावरील ओव्यांचे मौखिक वाङ्मय. दुसरे, रमाबाई रानडे यांच्या आठवणी व त्या अनुषंगाने प्रार्थना समाजाचा वृत्तांत. तिसरे, लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’. मध्यंतरी महात्मा फुले यांनी घेतलेल्या आक्षेपाचाही विचार करावा लागेल, कारण त्यावाचून या विषयाची खरी कसोटी लागत नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘आभार’ आणि ‘धन्यवाद’ हे शब्द आज आपल्या बोलण्यात रुळले असले, तरी घरातल्या घरात ते वापरण्याची रीत मराठी कुटुंबात जुनी नाही. आईने ताट वाढले म्हणून मुलाने तिचे आभार मानले, तर ते आजही परकेपणाचेच वाटते. यावरून मराठी माणसाजवळ कृतज्ञता नव्हती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकेल. ती निराळ्या शब्दांत वसत होती. आपण ‘उतराई’ होतो, ‘ऋण फेडतो’, आईबापांचे ‘पांग फेडतो’, देवाचा ‘नवस फेडतो’. कृतज्ञतेची ही सारी परिभाषा देण्याघेण्याची आहे, आणि सावकाराचे कर्जही आपण ‘फेडतो’च.

हे साम्य केवळ योगायोगाचे मानता येत नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जो उठाव झाला, आणि जो पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हस्तगत करून जाळले. कर्ज ही त्या समाजाच्या दैनंदिन अनुभवातील अत्यंत ठळक गोष्ट होती. अशा समाजाने देवाशी व आप्तांशी असलेले नातेही ऋणाच्या भाषेत मांडले, तर त्यात नवल नाही. परंतु दोन ऋणांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. सावकाराचे ऋण माणसाला हीन करते, आणि फिटत नाही म्हणून त्याला छळते. आईचे वा देवाचे ऋण फिटत नाही, याचा मात्र अभिमान वाटतो. एकाच क्रियापदाच्या पोटी अपमान आणि प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी राहिल्या. कर्जाने गांजलेल्या घराला आपण केवळ ऋणको नसून कोणाचे तरी उतराई होणारे आहोत असे वाटणे, ही गोष्ट कमी मोलाची नव्हती.

नवसाचे स्वरूप यातच थोडे वेगळे पडते. नवस हा करार आहे. मूल बरे झाले तर अमुक करीन, अशी त्याची भाषा असते. सुधारकांनी त्यावर टीका केली, आणि ती तात्त्विक दृष्ट्या रास्तच होती. पण कुटुंबाच्या दृष्टीने पाहता नवस बोलण्याच्या क्षणी घरातील एक भय उघडपणे बोलले जाते, आणि ते सर्वांचे होते. नवस फेडण्याच्या दिवशी सारे घर एकत्र येऊन ते भय सरल्याची नोंद करते. पत्र, रोजनिशी वा वैद्याचे टाचण ज्या घरात नव्हते, तेथे संकटाची व सुटकेची नोंद ठेवण्याचे हेच साधन होते.

३

जात्यावरील ओवीची परंपरा किती जुनी आहे, याचा एक पुरावा बाराव्या शतकातील आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख येतो. म्हणजे ज्ञानेश्वरांनी ओवीला ग्रंथाचे छंद म्हणून प्रतिष्ठा देण्याच्या कितीतरी आधी ती स्त्रियांच्या श्रमाशी बांधलेली होती. नामदेवांच्या परिवारातील जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल स्वतः तिच्यासह दळतो व कांडतो, ही कल्पना वारंवार येते. आणि पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे जनाबाईचे जाते आजही भाविकांना दाखविले जाते. या कल्पनेचा अर्थ भक्तीच्या इतिहासात पुष्कळ सांगितला गेला आहे. कुटुंबाच्या इतिहासात तिचा अर्थ असा, की ज्या कामात घरातील कोणी पुरुष हात लावीत नाही, त्या कामात देव हात लावतो.

ओव्यांचे संकलन अनेकांनी केले. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीद्वारे केलेले कार्य ही नावे प्रसिद्धच आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या साधनांचा उपयोग करताना एक अडचण ध्यानात ठेवली पाहिजे. ओवीला तारीख नसते. ती कोणी प्रथम म्हटली हे सांगता येत नाही, आणि गाणारी प्रत्येक स्त्री तिच्यात बदल करते. म्हणून एखाद्या विशिष्ट घटनेचा पुरावा म्हणून ओवी चालत नाही; मात्र एका दीर्घकाळ टिकलेल्या मनोवृत्तीचा पुरावा म्हणून तिच्याइतके विपुल साधन दुसरे नाही.

आता ओवीचा व्यवहार पाहू. दळण पहाटेच्या आधी सुरू होई. दोघी बायका खुंटा धरून समोरासमोर बसत. बहुधा त्या जावा, नणंद-भावजय, मायलेकी, किंवा सासू-सून असत. घरातील पुरुष निजलेले असत. दिवसभर वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने न बोलणारी सून या वेळी उघड्या गळ्याने गाऊ शके, कारण ती बोलत नव्हती, ती देवाचे नाव घेत होती. आरंभीच्या ओव्या क्रमाने निरनिराळ्या देवतांना वाहण्याची रीत होती. त्यानंतर ओवी माहेराकडे वळे : आई, बाप, आणि विशेषेकरून भाऊ. त्यानंतर स्वतःचे बाळ, पंढरीची वाट, सीतेचा वनवास, आणि सासरचे दुःख.

या क्रमात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, की मागणे बहुधा स्वतःसाठी नसते. भावाला उदंड आयुष्य मिळो, बाळाची दृष्ट निघो, घरधन्याच्या शेतात पीक येवो, असे ते असते. पण हे मागणे जिच्या तोंडून येते, तिचे सारे भवितव्य याच माणसांवर अवलंबून असते. तेव्हा त्यात निःस्वार्थ वात्सल्य आणि व्यवहाराची जाण ही दोन्ही एकवटलेली आहेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. देवाचे नाव घेण्याचा जो अधिकार होता, त्याच्या आश्रयाने तक्रार करण्याचाही अधिकार मिळाला. सीतेला घालवून देणाऱ्या रामाविषयी जे बोलता येई, ते स्वतःच्या नवऱ्याविषयी बोलता येत नसे. समोर बसलेली जाऊ ते ऐके, आणि पुढची ओवी तीच म्हणे. दुःख सांगणारी आणि ऐकणारी एकाच खुंट्याला हात लावून असत. संसाराला आधार मिळाला असे म्हणावयाचे, तर तो देवाच्या कृपेइतकाच या ऐकणाऱ्या कानाचाही होता.

ही रचना किती चिवट होती, हे एका उत्तरकालीन उदाहरणावरून दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. पूर्वीच्या देवतांचा त्याग केलेल्या घरांतील स्त्रियांनी जात्यावरची ओवी मात्र टाकली नाही. देवांच्या जागी भीमराव आले. पहिली, दुसरी, तिसरी ओवी असा क्रमही पुष्कळदा राहिला. कृतज्ञतेला येथे अलौकिक आधाराची गरज उरली नव्हती. एका माणसाने केलेल्या उपकाराचे ते स्मरण होते. ओवीतील कृतज्ञता केवळ देवभोळेपणातून आली होती असे मानणाऱ्यांना या ओव्यांचे स्पष्टीकरण देणे कठीण जाईल.

४

श्रमाच्या सहकाऱ्यांचे ऋण मानण्याची प्रथा कृषिवर्षातही दिसते. देशावर श्रावणी अमावास्येला पोळा येतो. दक्षिण महाराष्ट्रात त्याच प्रकारचा बेंदूर आषाढात येतो. आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, म्हणजे जुवाने घट्टे पडलेला खांदा हळद-तुपाने चोळला जातो. दुसऱ्या दिवशी त्याला काम नसते, आणि पुरणपोळीचा घास प्रथम त्याचा असतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. या प्रथांचे वर्णन अन्यत्र विपुल आहे, म्हणून येथे इतकेच नोंदवितो, की त्यांत कृतज्ञता शब्दाने नव्हे तर विश्रांतीने व्यक्त होते. ज्याच्याकडून वर्षभर काम घेतले, त्याच्या दुखऱ्या खांद्याकडे वर्षातून एकदा तरी लक्ष द्यावयाचे, हा तिचा आशय आहे. मात्र घरातील दळणाऱ्या बाईच्या हाताचे घट्टे पाहण्यासाठी पंचांगात असा कोणता दिवस नाही, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

५

प्रार्थना समाजाची स्थापना मुंबईत ३१ मार्च १८६७ रोजी झाली. केशवचंद्र सेन यांची मुंबईस १८६४ साली झालेली भेट तिला प्रेरक ठरली. डॉ. आत्माराम पांडुरंग हे तिचे प्रमुख संस्थापक, न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर लवकरच तीत आले. समाजाच्या तत्त्वांप्रमाणे ईश्वराविषयी प्रेम व पूज्यभाव बाळगणे, त्याचे भावपूर्वक स्तवन करणे, आणि त्याला प्रिय अशी कर्मे करणे हीच खरी उपासना होय. मूर्तिपूजा हा तिचा खरा मार्ग नव्हे. बंगालमधील ब्राह्मोंप्रमाणे जुन्या समाजाशी संबंध तोडण्याचा मार्ग मात्र मुंबईच्या मंडळींनी पत्करला नाही.

यातून घरात एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. घरचा कर्ता रविवारी समाजमंदिरात निराकार ईश्वराची उपासना करी, आणि घरी देवघरात आई, बहीण व पत्नी देवांची पूजा करीत. रानडे यांच्या घरात ही स्थिती स्पष्ट दिसते. १८७३ साली प्रथम पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहास्तव त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने असे करावे याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती त्यांना आयुष्यभर जाणवत राहिली असावी. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पतीने आपल्याला कसे शिकविले, आणि त्या शिक्षणापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे किती सोसावे लागले, हे संयमाने लिहिले आहे. पतीचा उपदेश उलट उत्तर न देण्याचा असे.

तथापि या दुभंगलेल्या घरात एक गोष्ट सामायिक होती, ती म्हणजे अभंग. रानडे पहाटे अभंग म्हणत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी याविषयी एक प्रसंग सांगितला आहे. १८९७ साली अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनाहून परतताना पहाटे चारच्या सुमारास त्यांना आगगाडीच्या डब्यात जाग आली, तेव्हा रानडे उठून बसून, हातांनी ताल धरून तुकारामाचे दोन अभंग पुनःपुन्हा म्हणत होते. आवाज गोड नव्हता, पण त्यातील उत्कटतेने गोखले हेलावून गेले. हायकोर्टाचा न्यायाधीश आणि खेड्यातील दळणारी स्त्री यांची प्रार्थनेची वेळ एकच होती, आणि तिचे शब्दही एकाच परंपरेतले होते, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही. समाजमंदिरातील तत्त्वज्ञान देवघरात शिरले नाही. अभंग मात्र दोन्हीकडे होता. घर दुभंगले नाही याच्या अनेक कारणांपैकी हे एक होय.

परंतु या सामंजस्याची किंमत कोणी दिली? बव्हंशी ती रमाबाईंनी दिली. सुधारणा पतीची, परंपरा सासरच्यांची, आणि सोशिकपणा त्यांचा, अशी ही वाटणी होती. १९०१ साली रानडे वारले. त्यानंतरच्या रमाबाईंकडे पाहिले म्हणजे या सोशिकपणाचा दुसरा भाग दिसतो. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात त्यांनी पतीविषयीची कृतज्ञता संस्थेच्या रूपाने मांडली, आणि शेकडो स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी झाली. कृतज्ञता येथे मागे पाहत बसली नाही. तिने आपले ऋण पुढच्या पिढीकडे फेडले.

६

जोतीराव फुले यांचा आक्षेप या ठिकाणी ऐकला पाहिजे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी नैवेद्य, नामस्मरण, अनुष्ठान यांची एकेक करून झडती घेतली आहे. ज्या निर्मिकाने सर्व काही उत्पन्न केले, त्याला त्याच्याच वस्तू अर्पण करण्यात काय अर्थ आहे, असा त्यांचा रोख आहे. त्यांच्या मते निर्मिकाचे उपकार मानावयाचे ते सत्य वर्तनाने, आणि स्त्री-पुरुष सर्वांना समान मानून. १८८२ साली ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकाने पातिव्रत्याच्या पोथ्या स्त्रियांपुरत्याच का, असा त्याहूनही घरगुती प्रश्न विचारला होता.

हा आक्षेप दूर सारण्याजोगा नाही. जी कृतज्ञता फक्त दुबळ्याकडून अपेक्षिली जाते, ती कृतज्ञता नसून ताबेदारी होय. सुनेने सासरचे उपकार मानावेत, पण सासरने तिच्या श्रमाचे मानू नयेत. कुणब्याने दक्षिणा द्यावी, पण भटाने कुणब्याच्या अन्नाचे ऋण मानू नये. अशा व्यवस्थेत प्रार्थना वेदनेवर पांघरूण घालते. मात्र फुले यांनीही कृतज्ञता नाकारली नाही. तिचा ओघ त्यांनी बदलला. देवाकडे व पुरोहिताकडे जाणारे देणे त्यांनी माणसाकडे वळविले. वर उल्लेखिलेल्या भीमरावांच्या ओव्या या बदललेल्या ओघाचीच साक्ष देतात.

७

तिसरे साधन लक्ष्मीबाई टिळक यांचे. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, तेव्हा कुटुंब तुटले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह आप्तांच्या आश्रयाला राहिल्या, आणि काही वर्षांनी पतीकडे परतल्या तरी आपले सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी ही सारी कहाणी, विनोद न सोडता, सांगितली आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील विशेष हा, की धर्मांतर येथे प्रथम सिद्धांताच्या मार्गाने आलेले नाही. वडिलांच्या कडकडीत सोवळ्यात वाढलेल्या या बाईला एके दिवशी प्रश्न पडतो, की जात देवाने केली की माणसाने. आणि उत्तर सापडताच ती कोणाच्याही हातचे खाण्यास तयार होते. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळक हाती आलेले देऊन टाकीत. दुष्काळ व प्लेग यांच्या त्या वर्षांत निराधार मुलांना त्या घरात थारा मिळाला. असे घर चालविणाऱ्या बाईची प्रार्थना भाबडी राहूच शकत नाही. टिळकांच्या देवावरील भरवशाबद्दल लक्ष्मीबाईंना आदर आहे. पण उद्याच्या पिठाची काळजी देवापाठोपाठ आपल्यालाच करावयाची आहे, हेही त्या विसरत नाहीत. श्रद्धा आणि थट्टा एकाच वाक्यात नांदविण्याची त्यांची ही रीत जात्यावरच्या ओवीला फार जवळची आहे.

टिळकांनी तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानले, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींना अभंगांच्या व देशी चालींच्या रूपाने गाता येईल अशी उपासना दिली. म्हणजे आप्त तुटले, पंक्ती तुटल्या, पण प्रार्थनेची भाषा तुटली नाही. टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या स्त्रीने पतीचे काव्य पुढे लिहावे, हे उतराई होण्याचे रमाबाईंच्या सेवासदनाशी समांतर असे उदाहरण आहे.

८

या तीन साधनांवरून काही निष्कर्ष निघतात. प्रार्थनेने दारिद्र्य हटले नाही, रोग टळले नाहीत, की सासुरवास संपला नाही. तिने तीन गोष्टी केल्या. दिवसाच्या आरंभी एक घटका अशी दिली, की जी श्रमाची असूनही स्वतःची होती. ज्याला घरात बोलण्याची मुभा नव्हती त्याला बोलण्याची सभ्य रीत दिली, आणि ऐकणारा दिला. मते भंगली तरी एकत्र म्हणता येतील असे शब्द दिले. कृतज्ञतेने घरातील माणसांना केवळ घेणेकरी वा देणेकरी न राहता परस्परांचे ऋणी होण्याची प्रतिष्ठा दिली.

परंतु या आधाराला एक अट होती. ऋण दोन्ही बाजूंनी मानले गेले, तरच त्याने घर सावरले. जेथे ते एकाच बाजूने मानावे लागले, तेथे फुले व ताराबाई यांचे म्हणणे खरे ठरले. म्हणून यापुढे गृहोपासनेचा अभ्यास करताना कोणी कोणाची प्रार्थना केली, याबरोबरच कोणी कोणाचे उपकार मानले आणि कोणाचे मानावयाचे राहिले, याचीही नोंद घ्यावी लागेल. दळणाच्या गिरण्या गावोगाव झाल्या आणि जाते बहुतेक घरांतून गेले. त्यावर बसलेल्या स्त्रियांची पिढीही आता थकत चालली आहे. त्यांच्याकडून ओव्या लिहून घेण्याचे काम पुष्कळ झाले आहे. त्या ओव्या ऐकणारी समोरची बाई कोण होती, आणि ती काय म्हणाली, हे मात्र फारसे कोणी विचारलेले नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन ते विचारावे, इतका अवधी अजून शिल्लक आहे.